उद्याचं पान

जोगेश्वरीच्या टेकडीवर, अगदी वरच्या वस्तीत, विहाराला लागून एक वाचनालय आहे. दोन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. सकाळी म्हातारे पेपर चाळायला येत, दिवसभर स्पर्धा परीक्षांची पोरं पुस्तकात डोकी घालून बसत. बाई आत जाई ती एकच, तीही केरसुणी घेऊन. ती शांताबाई. वाचनालय सांभाळणारा राजाराम तिचा नवरा, त्यामुळे तिथला केर काढणं घरकामातच धरलेलं होतं. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

त्या पावसाळ्यात केर काढतानाच तिला कपाटामागे तो गठ्ठा सापडला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या आरोग्याच्या पुस्तिका, मोठ्या अक्षरांच्या, चित्रांच्या. कुठल्याशा संस्थेनं समारंभ करून दिल्या होत्या. हार झाले, फोटो झाले आणि गठ्ठा कपाटामागे गेला. शांताबाईला अक्षरं लागत, पण वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. म्हणून तिनं चित्रं बघितली. एका चित्रात पाण्याचा पाइप गटारातून गेला होता आणि त्याला चिंधी बांधलेली होती.

“अवं, ही तर आपलीच गल्ली की!” ती ओरडली.

बरोबर पाटीखाली उभी राहून ओरडली. अभ्यासाच्या पोरांनी माना वर केल्या. राजारामनं चष्म्यावरून बघितलं.

“शांता, वाचनालय आहे हे.”

“म्हंजे मग वाचा की. आमाला कोन वाचून दावनार?”

त्या वर्षी वस्तीत कावीळ शिरली होती. नळाला सकाळी आधी काळपट पाणी यायचं, मग वास येणारं, मग चांगलं. आणि चांगलं यायला लागलं की नळ जायचा. एकाआड एक घरात कोणीतरी पिवळं होऊन भिंतीला टेकलेलं. मोबाइलवर रोज नवा उपाय. एक म्हणे उसाचा रस, दुसरा म्हणे रसाला हात लावू नका. एका व्हिडिओत एक बुवा कानात तेल घालून कावीळ काढत होता. माणसानं कुणाचं ऐकावं?

शांताबाईनं त्या रात्रीचं जेवण वाढतानाच विषय लावून धरला. पावसामुळे मणी ओवायला बायकांना ओटा मिळत नव्हता. वस्तीतल्या निम्म्या बायकांचं तेच काम, खोट्या दागिन्यांचे मणी तारेत ओवायचे आणि ठेकेदाराला द्यायचे. वाचनालयात चार वाजता पोरं चहाला जातात, तेवढा वेळ बायका तिथं बसतील. हात मण्यांत, कान पुस्तकात.

“वर्षावासात सांजच्याला ग्रंथ वाचता न्हवं तुमी? तसंच वाचायचं,” ती म्हणाली.

राजाराम आतून केवढा खूश झाला! मरोळच्या कारखान्यात त्यानं प्रेस मशीनवर उमेदीची वर्षं घालवली होती. मशीनच्या आवाजात कोणी कोणाचं बोलणं ऐकत नसे. निवृत्त झाल्यावर वर्षावासाचे, पावसाळ्यातले तीन महिने विहारात ग्रंथ वाचायचा मान त्याला मिळाला, तेव्हापासून त्याचं चालणंही बदललं होतं. पण खूश झाल्याचं तो दाखवणार थोडाच! त्यानं भाकरी मोडली आणि अटी सांगितल्या.

“बसायचं तर शिस्तीत. वाचन चालू असताना मधे बोलायचं नाही. रोजचा भाग ठरलेला असेल, तेवढाच होईल. पुस्तक बाहेर न्यायचं नाही.”

“न्हाय न्हेत,” शांताबाई म्हणाली. ती अटींना कधीच हरकत घेत नसे. हरकत घ्यायची वेळ आली की मग घ्यायची, एवढंच.

सून तेजल हसत होती. घाटकोपरची मुलगी, बारावी झालेली, सातवा महिना सरत आलेला. “पप्पा, माइक पण लावा ना! एकदम झकास होईल.”

“तू गप ताक पी,” राजाराम म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली.

आणि काय गर्दी झाली! पहिल्या दिवशी जेमतेम टेबलाभोवती पुरतील एवढ्या बायका आल्या, आठवडाभरात टेबल बाहेर काढावं लागलं. मण्यांची ताटं मांडीवर, चिमटे हातात, लेकरं पायांत. ओवलेल्या माळा ठेवायला जागा नव्हती, तर कुणीतरी त्या ‘शांतता राखा’च्या खिळ्यालाच अडकवल्या. शेजारची नलिनी दारात घुटमळत होती. कोकणातली, सासरे गिरणीत होते, आता मुलगा विमानतळावर सामान चढवतो.

“गो शांता, माका चलात मां? आमी विहारातले नाय.”

“कावीळ काय विचारून येती व्हय गं? बस हितं.”

राजाराम यायचा तो इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याची हात असलेली एक लाकडी खुर्ची होती. कारखान्याचं ऑफिस मोडलं तेव्हा त्यानं ती मागून आणली होती आणि डोक्यावर घेऊन टेकडी चढला होता. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसत नसे. समोर ग्रंथाचा चौरंग, त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पुस्तिका. तो कापड सोडायचा, घसा साफ करायचा, आणि खणखणीत आवाजात सुरू करायचा. पुस्तिकेची पानं मोजून त्यानं रोजचे भाग पाडले होते, शिसपेन्सिलीची रेघ मारून. रेघ आली की वाचन थांबे. मग सगळ्यांनी हात जोडून “साधू, साधू, साधू” म्हणायचं आणि पुस्तिका पुन्हा कापडात. पुढचं पान स्वतः राजारामही आधी बघत नसे. ग्रंथाला घाई करायची नाही, असं त्याचं म्हणणं.

पण वस्ती हलली, हे खरं. पाणी नुसतं गरम करून भागत नाही, खळखळून उकळावं लागतं, हे ऐकल्यावर घराघरांत पातेल्यांवरून भांडणं लागली. नलिनीनं पाइपाची चिंधी सोडून बघितली आणि आतलं गटाराचं पाणी बाटलीत भरून थेट वॉर्ड ऑफिसच्या टेबलावर ठेवलं. माणसं आली, पाइप बदलायचं बोलून गेली. बोलायला का होईना, आली. शांताबाई गल्लीतून चालताना बायका तिला थांबवून विचारू लागल्या. ज्या बाईला पंचवीस वर्षं कोणी काही विचारलं नव्हतं, तिला आता उभ्याउभ्या अर्धा तास लागायचा. तिला इतका आनंद व्हायचा की भाजी करपायची.

सोमवारी काविळीचं पुस्तक लागलं. राजारामनं वाचलं, “काविळीत प्रथम भूक जाते, मळमळते, लघवी गडद होते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. डोळे दिवसाच्या उजेडात पाहावेत.”

शांताबाईच्या हातातली तार तिथंच थांबली. तेजल दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठत होती. सगळ्यांनी पोटातल्या बाळावर ढकललं होतं. साधू म्हणून होताच ती घरी पळाली, सुनेला दारात ओढलं आणि पापणी खाली केली.

“आई, काय करताय? दुखतंय ना!”

डोळा पिवळा होता. हळद बोटांना लागून राहते तेवढाच, पण पिवळा.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना होता. आत गर्दी इतकी की डॉक्टरनं खिडकीतूनच डोळे बघितले. “साथ आहे. आराम करू दे, ग्लुकोज द्या,” म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं. शालीतलं पोट त्याला दिसलं नसावं. शांताबाईला सांगायचं सुचलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, की उद्या पुस्तकात पुढचं आहे.

मंगळवारी ती सगळ्यांत पुढे बसली. राजारामनंही त्या दिवशी कापड जरा लवकरच सोडलं. त्याचा आवाज सुरुवातीला कापरा होता, मग एकेका ओळीबरोबर चढत गेला. “काविळीला घाबरू नये. विश्रांती घ्यावी, उकळलेलं पाणी प्यावं, मनानं औषधं घेऊ नयेत. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप पूर्ण बरे होतात.” तिथं रेघ होती.

“साधू, साधू, साधू!”

शांताबाईनं ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की मागच्या पोरी हसल्या. आपोआप, पूर्ण बरे! तिचे डोळे भरून आले. बायका तिच्या पाठीवर थापट्या मारू लागल्या. राजाराम कापडाची गाठ बांधत होता, आणि तेवढ्यात नलिनी बोलली.

“आणि पोटुशी बाई आसली तर?”

वाचनानंतर विचारायचं नाही असा नियम नव्हता, पण विचारलं कधी कोणी नव्हतं.

“नलिनीताई, पुस्तकाला क्रम असतो,” राजाराम म्हणाला. “असेल तर येईल उद्या.”

“उद्या कित्याक? पुस्तक तुमच्या हातात आसा. पान उलटा नि बघा.”

“असं मधूनच उघडत नाहीत.”

“अगो बाय!” नलिनीनं ताट उचललं. “आमी काविळीक मंतरलेली माळ डोक्यार ठेवतंव, तर तुमी हसतास. नि तुमी पुस्तक डोक्यार ठेवल्यात ता?”

ती निघून गेली. राजारामचा चेहरा पडला, पण तो नलिनी बोलली म्हणून. वाचनालयात येऊन बाई असं बोलते! घरी जाईपर्यंत तो तेच घोळवत होता. शांताबाईनं एकदा म्हणून बघितलं, “नलिनीचं बरूबर असंल तर?” त्यावर तो म्हणाला, “पुस्तकानं सांगितलं ना बरे होतात म्हणून? लिहिणारे शहाणे असतात, शांता. काळजीचं असतं तर त्यांनी आधी नसतं लिहिलं?”

हे तिला पटलं. पटावंसं वाटत होतं म्हणून पटलं.

बुधवारी सकाळी मुलगा सम्यक कुर्ल्याला कामावर गेला. तो लिफ्ट दुरुस्तीवाल्यांकडे होता. तेजल त्याला डबा द्यायला उठली नाही. शांताबाईनं चहा पुढे केला तर तिनं कप घेतला आणि तो सरळ चादरीवर ओतला, बशीत ओतावा तसा.

“तेजल! अगं!”

“मम्मी, माझी शाळेची बॅग कुठंय?” तेजल म्हणाली. सासूला ती आई म्हणायची, मम्मी घाटकोपरला होती. एवढं बोलून ती पुन्हा कलंडली. अंगावर खाजवल्याचे ओरखडे होते. शांताबाईनं हलवलं, तशी “हं” म्हणाली आणि घोरायला लागली.

शांताबाईनं भिंतीवर मूठ आपटून नलिनीला हाक मारली. “हिच्याजवळ बस!” आणि ती धावली. पायात चप्पल नव्हती, पायऱ्यांवर शेवाळ होतं, पदर ओला होऊन पायात येत होता. आयुष्यात ती एवढी धावली नव्हती.

वाचनालयात पेपरवाले म्हातारे बसले होते. पोरं नुकती येत होती. शांताबाई सरळ चौरंगापाशी गेली आणि तिनं पांढऱ्या कापडाची गाठ दातांनी सोडली.

“शांता! हात धुतलेस का? सोड ते!”

“वाचा,” ती म्हणाली. “फुडचं पान.”

“चार वाजता—”

“आत्ता! रेघंच्या फुडचं वाचा, न्हायतर मी हितंच फाडीन!”

घरात कधी आवाज न चढवलेली बाई. राजारामनं पुस्तिका घेतली. सवय अशी, की खुर्चीत बसल्याशिवाय आणि मोठ्यानं वाचल्याशिवाय त्याला वाचता येईना. तो बसला, पान उलटलं.

“मात्र पुढील व्यक्तींनी घरी थांबू नये. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, कावीळ झाल्यास ती जिवावर बेतू शकते. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपू लागला, तर एक क्षणही...”

पुढचं त्याला वाचता आलं नाही. एका पानाचं अंतर होतं. त्यानं स्वतः पेन्सिलीनं मारलेली रेघ. सगळ्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात ज्यानं आयुष्यभराची हौस भागवली, त्याच्या तोंडून नुसती हवा बाहेर येत होती.

“असंबद्ध म्हंजी काय?” शांताबाईनं विचारलं.

“बरळणं,” तो कसाबसा म्हणाला.

“मंग उठा.”

तो उठला. आणि मग जे सुरू झालं ते वस्ती अजून विसरलेली नाही. रिक्षा खालच्या नाक्याच्या वर येत नाही, रुग्णवाहिका तर त्याहून लांब. गल्ली एवढी अरुंद की झोळी वळत नाही. राजारामनं एकदा इकडंतिकडं बघितलं, आपली खुर्ची उचलली, तशीच डोक्यावर घेतली आणि घराकडे पळत सुटला. अभ्यासाची पोरं पुस्तकं उघडी टाकून त्याच्यामागे.

तेजलला खुर्चीत बसवलं. नलिनीनं आपली साडी फाडून तिला पाठीशी बांधली, पोट मोकळं सोडून. चौघांनी चार पाय धरले. “हळू! डावीकडून पाइप आहे! डोकं सांभाळ!” पुढं राजाराम ओरडत चाललेला, वाटेतल्या बादल्या लाथेनं उडवत, आणि आता त्याचा आवाज परत आला होता. दारादारांतून बायका बाहेर आल्या. कोणी छत्र्या धरल्या, कोणी पायऱ्यांवर राख टाकली. एका वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा घरवाल्यानं काही न विचारता आपलं दारच बिजागरीतून उचलून बाजूला ठेवलं. खुर्चीचा एक पाय कठड्यावर आपटून मोडला. तो धरणाऱ्या पोरानं तुकडा कमरेला खोचला आणि खुर्चीची ती बाजू खांद्यावर घेतली.

नाक्यावर आधीच पळत पोचलेली नलिनी रिक्षापुढे आडवी उभी होती. “मिटर-बिटर मागे बघ, आधी चल!”

रुग्णालयात सगळं भराभर झालं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरणीनं डोळे बघितले, नाव विचारलं, तेजलनं शाळेचं नाव सांगितलं. डॉक्टरणीनं मागे वळून दोन हाका मारल्या आणि तेजलची खाट पळायला लागली. जाता जाता तिनं विचारलं, “आणायला कोणी सांगितलं तुम्हाला?”

“पुस्तकानं,” शांताबाई म्हणाली. “जरा उशिरा सांगितलं.”

राजाराम भिंतीशी उकिडवा बसला होता. सम्यक कामाच्या कपड्यांत धावत आला, तेव्हा बाप त्याच्याकडे बघू शकला नाही. शांताबाईला नवऱ्याला खूप काही बोलायचं होतं. पण त्याचे अनवाणी, रक्ताळलेले पाय बघून तिनं आपला पदर फाडला आणि अंगठ्याला बांधला.

ते दिवस कसे गेले ते त्या घरालाच माहीत. कधी शुद्ध, कधी नाही. मुलगी वेळेआधी झाली, मुठीएवढी, आणि काचेच्या पेटीत राहिली. वस्तीतल्या बायका पाळी लावून डबा घेऊन येत, आणि खालच्या फाटकापाशी बसून मणी ओवत. मग एके दिवशी तेजलनं डोळे उघडून विचारलं, “आई, मी चादरीवर चहा सांडला का हो?” शांताबाई एवढ्या मोठ्यानं रडली की नर्स धावत आली. आणि तिला दिसलं काय, तर सासू रडतेय आणि सून हसतेय.

आश्विन लागता लागता दोघी घरी आल्या. वाचनालयातलं चारचं वाचन तोवर बंदच होतं. राजाराम सकाळी कुलूप काढायचा, संध्याकाळी लावायचा. बायकांनी शांताबाईच्या मागे लकडा लावला, तेव्हा शांताबाईनं त्याच्या हातात गठ्ठा दिला. “बसा आता वाचत. तोंड लपवून कावीळ जाती व्हय?”

राजारामनं दोन दिवस घेतले. सगळ्या पुस्तिका आधी वाचून काढल्या, रेघा खोडरबरानं पुसल्या. मग गठ्ठ्यातल्या पुस्तिका एकेक करून दाराशी मांडल्या, ज्याला हवी त्यानं घरी न्यावी म्हणून. पांढरं कापड धुऊन, घडी करून विहारात ठेवलं.

चार वाजता बायका आल्या. राजाराम चटईवर बसला होता. खुर्ची त्याच्यासमोर होती, पायाला लोखंडी पट्टी मारून उभी केलेली, आणि तोंड त्याच्याकडे.

“आजपासून पुस्तकातलं शेवटचं पान आधी,” तो म्हणाला. “दवाखान्यात कधी पळायचं, ते आधी. आणि ही खुर्ची...” तो जरा थांबला. “ज्याला कळलं नाही, त्यानं इथं येऊन बसायचं आणि मला थांबवायचं.”

कोणी हललं नाही. इतकी वर्षं त्या खुर्चीत आपणहून बसायची कुणाची छाती झाली नव्हती. नलिनीनंसुद्धा नुसते मणी चाळवले. त्यानं वाचायला सुरुवात केली, लहान बाळाच्या तापाचं होतं. आवाज पूर्वीसारखा खणखणीत नव्हता, दर वाक्याला तो वर बघत होता.

तेजल दारातून आत आली, छातीशी लेकीला धरून. अजून तोल जायचा, म्हणून बायकांनी वाट करून दिली आणि बसायला चटई सरकवली. ती चटईवर बसली नाही. सरळ जाऊन खुर्चीत बसली, लेकीचं डोकं नीट घेतलं आणि म्हणाली, “पप्पा, थांबा. हे मला नाही कळलं.”

राजारामनं ओळीवर बोट ठेवलं आणि तो थांबला.